सोमवारचं मौन

धर्मेंद्रने पाय पट्ट्यांत घट्ट आवळून घेतले, वल्हवायच्या मशीनची मूठ दोन्ही हातांत धरली आणि शेजारच्या खुर्चीकडे मान वळवून विचारलं, “सरलामावशी, बरं आहे ना?”

सरलाबाईंनी नुसती मान हलवली. आज सोमवार. सकाळी अंघोळ होऊन महादेवापुढे दिवा लागला की त्यांचं तोंड मिटायचं, ते दिवेलागणीला दुसरा दिवा लागेपर्यंत. लग्नानंतर धरलेला नेम, अख्ख्या लिंबायत वस्तीला ठाऊक. कार्यक्रमासाठी सोमवार धर्मेंद्रनेच निवडला होता.

शिट्टी वाजली. बैठक रुळावर मागेपुढे सरकू लागली. पाण्याविना नाव वल्हवायची, तीही तासभर न थांबता. थांबला नाही, तर हॉलमध्ये बसलेले व्यापारी शाळेच्या पोरांचा वर्षभराचा नाश्ता देणार होते. त्याचं धान्य नेहमीसारखं धर्मेंद्रच्याच हातून शाळेत पोचायचं.

सरलाबाई त्या शाळेत नाश्ता रांधायच्या. म्हणून त्यांना इथे, मशीन आणि भिंत यांच्या बेचक्यात आणून बसवलेलं. उठायचं म्हटलं तरी वाट नव्हती. येणारा-जाणारा पाया पडत होता. एवढी व्रतस्थ बाई जवळ बसल्यावर धर्मेंद्रचंही तेज वाढलेलं दिसत होतं.

धान्य शाळेत येई, हे खरं. पण मागच्या दाराने टेम्पोत चढून इच्छापोरच्या मेसला जाई, तेही खरं. मेस धर्मेंद्रची. सरलाबाईंच्या पातेल्यात मग खिचडी कमी आणि पाणी जास्त. दुसरीतली प्रियांका रिकाम्या पातेल्याच्या कडेने बोट फिरवून चाटायची आणि म्हणायची, आजी, आज छान झालंय. सरलाबाई पातेलं तिच्याकडे आणखी कलतं करायच्या.

बोलायचं कुणाजवळ? मुलाला, दीपकला, मिलमध्ये धर्मेंद्रनेच चिकटवलेलं. राहती खोलीही त्याचीच. गेल्या आठवड्यात तो घरी येऊन चहा पिऊन गेला. खोली गळत नाही ना, दीपकला पाळी झेपते ना, एवढीच विचारपूस. जाताना दार त्यानेच ओढून घेतलं. ते लागल्याचा आवाज सरलाबाईंच्या कानातून गेला नव्हता.

आज सकाळी अंघोळ करून, वात तुपात भिजवून, काडेपेटी हातात घेऊन त्या महादेवापुढे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. तेवढ्यात दीपक रात्रपाळीवरून आला. तीच काडेपेटी घेऊन त्या गॅसकडे वळल्या आणि चहा ठेवला.

“माय, तू तिथे फक्त बसून राहा,” पहिला घोट घेत दीपक म्हणाला. “तुझा सोमवार आहे, म्हणून बरं.”

त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता.

हॉलमध्ये टाळ्यांचा जोर वाढला. धर्मेंद्रचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, पण चेहऱ्यावरचं हसू हललं नव्हतं. निवेदन करणारी स्नेहा नवीन होती. तिला इथलं काही ठाऊक नव्हतं. माइक घेऊन ती सरळ सरलाबाईंपुढे वाकली.

“मासी, तुम्ही सांगा. पोरांना पोटभर मिळतं ना?”

“त्यांचं आज मौन असतं, बेन,” धर्मेंद्र धापा टाकत हसला. “दर सोमवारी. त्यांच्या वतीने मीच सांगतो.”

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने हात जोडले. त्याचं बघून मागच्यांनीही जोडले. स्नेहा ओशाळली, माफी मागत माइक मागे घेऊ लागली.

माइक मागे येईना. सरलाबाईंनी तो दुसऱ्या बाजूने धरून ठेवला होता.

धर्मेंद्रच्या हातातली मूठ क्षणभर सैल पडली. पण थांबायची सोय नव्हती, आणि पाय पट्ट्यांत होते.

“धर्मेंद्रभाऊ,” सरलाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि तो आवाज भिंतीपर्यंत गेला, “सकाळी मी दिवा लावलाच नाही.”