अर्धवट वाळलेली माती

"छान मळलीयस," आत्या म्हणाली, आणि भाचीला धसकाच बसला.

तीस वर्षं चाकावर भांडी घडवणाऱ्या या बाईने दुसऱ्याने मळलेल्या मातीला आजवर कधी छान म्हटलं नव्हतं. फार तर 'चालेल', आणि तेही नाक मुरडून. पण मनगटातली दबलेली नस मोकळी करायला शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून उजव्या हाताची बोटं बधिर होऊन बसली. संवेदना हळूहळू परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. कधी, असं विचारल्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यालाही आता चार महिने होऊन गेले होते.

बोटं साथ देईनात म्हणून आत्याने दातांना कामाला लावलं होतं. चिमूटभर माती जिभेवर घ्यायची, पुढच्या दातांत घोळवायची आणि थुंकायची. कचकच लागली नाही की माती छान. भाची मान डोलवायची. एरवी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आत्या ऐकवायची, "जमिनीतून निघते ती सगळी माती नव्हे. बोटाभोवती गुंडाळली आणि चिरली नाही, तर तिला माती म्हणायचं." हल्ली ती हे कुणालाच सांगत नव्हती.

आज चार वाजता शाळेचे चित्रकलेचे मास्तर तिचं चाक कायमचं न्यायला येणार होते. फोन तिनेच केला होता. चाक धुऊन, पुसून, वायर गुंडाळून दाराशी ठेवलं होतं. आत्या त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

भाचीच्या मनात मात्र दुसरंच काही टोचत होतं. कामातून उरलेली माती उन्हात खडखडीत वाळवायची आणि मगच पाण्यात टाकायची, हा या धंद्यातला पहिला धडा. वाळलेली माती पाण्यात पडल्या पडल्या विरघळते. अर्धवट ओली टाकली, तर आठवडाभर भिजवा, आतली गाठ काही सुटत नाही. कपांच्या ऑर्डरच्या घाईत भाचीने नेमकी अर्धवट ओली माती टबात ढकलली होती. मळताना गाठी लागल्या, तशा चार-दोन काढल्या आणि कंटाळून सोडून दिलं. गाठही मातीचीच, त्यामुळे दातांना ती कळणार नव्हती. ती कळते फक्त बोटांना. आत्याला पत्ता लागणार नाही, या हिशेबानेच आपण हे खपवलं, याची तिला मनापासून लाज वाटत होती.

"मास्तर येईपर्यंत दोन हात मारते," आत्या म्हणाली आणि मातीपुढे उभी राहिली.

डाव्या हाताने ती माती रेटत होती. उजवा नुसता पाहुण्यासारखा सोबत फिरत होता. रेटायचं, वळवायचं, पुन्हा रेटायचं. मग ती थांबली. त्याच जागेवरून तिने उजवा हात पुन्हा एकदा फिरवला, या वेळी डोळे मिटून. चाळणी धुणाऱ्या भाचीने नळ बंद केला.

"हे काय आहे?" आत्याने विचारलं.

"कुठे?"

"इथे. माझ्या मधल्या बोटाखाली."

तिने बोट खुपसून वाटाण्याएवढी गाठ उकरून काढली आणि भाचीच्या नाकासमोर धरली.

"ओलीच टाकलीस ना पाण्यात?"

"हो."

"वाळेपर्यंत धीर नव्हता?"

"कपांची घाई होती, आत्या."

"घाई म्हणे. दहा वर्षांची होतीस तेव्हापासून कानीकपाळी ओरडतेय. डोक्याला दोन कान दिलेत ते काय कपाला बसवतो तसे, धरून उचलायला?"

भाचीचा जीव भांड्यात पडला. इतकं गोड बोलणं तिने चार महिन्यांत ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. आत्याने पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिचं लक्ष गाठ धरलेल्या हाताकडे गेलं. गाठ तिने बोटांत फिरवली, हलकेच दाबली, पुन्हा फिरवली.

"उजव्या हातानं काढलीस," भाची म्हणाली.

"दिसतंय मला," आत्या म्हणाली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भाचीने दाराकडे पाहिलं.

"मास्तरांना काय सांगू?"

"सांग, म्हातारीचा शब्द फिरला. आणि चहा घेतल्याशिवाय पाठवू नकोस."

मास्तर चहा पिऊन, रिकामा टेम्पो घेऊन, वर "बरं झालं" म्हणून गेले. भाची आत आली तेव्हा आत्याच्या पुढ्यात पाच गाठी ओळीने मांडलेल्या होत्या आणि सहावीसाठी ती डोळे मिटून मातीत बोटं फिरवत होती.

"दे इकडे," भाची ओशाळून म्हणाली. "सगळी वाळवते आणि परत भिजवते. यात अजून कितीतरी असतील."

आत्याने दोन्ही हातांनी माती आपल्याकडे ओढून घेतली.

"असू देत," ती म्हणाली. "एकीलाही हात लावू नकोस. मला सापडू देत."