बोक्याची चिप

यंत्र टीं करून वाजलं आणि डॉक्टरीणबाई हसल्या.

"अहो, याला चिप आहे की आधीचीच! नवीन टोचायच्या आधी आम्ही एकदा तपासून घेतो, ते यासाठीच."

बाबांनी वाकून यंत्राकडे बघितलं. मधल्या दिवसांत कुणी बसवली की काय? आणि कुठं सापडला, तेही त्या चिपेत निघतं की काय?

बोका खाली फरशीवर बसला होता, लेक त्याचा पट्टा धरून शेजारी उभी होती. बोका म्हणजे कुत्रा. लेक लहान असताना तिला बोकाच हवा होता. मिळालं हे पिल्लू, तर बाईसाहेबांनी नाव काही सोडलं नाही. "जरा बसवा त्याला," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा बाबांनी सवयीनं "बस" म्हटलं होतं आणि तो बसला होता. बाबांनी बसवलं की बाबांनीच "चल" म्हटल्याशिवाय तो उठायचा नाही. दुसऱ्या कुणी घसा फोडला तरी ढिम्म. पाहुणे आले की हा खेळ व्हायचाच. त्याच्या नाकासमोर बिस्कीट ठेवून बाबा खुशाल आत जाऊन कपडे बदलून यायचे आणि पाहुणे तोंडात बोटं घालायचे.

"असं कसं होईल? आम्ही कधी बसवलीच नाही," बाबा म्हणाले.

बायको भिंतीवरचा मांजरांच्या लसींचा तक्ता वाचत होती.

मालकाचा पत्ता लागावा म्हणून कातडीखाली टोचतात, त्या चिपेचा हट्ट लेकीचा. बोका हरवला होता, परवा परत आला, आता पुन्हा हरवायला नको. पण बोका हरवला नव्हताच. बाबांनी त्याला सोडून दिलं होतं. म्हातारा झाला होता तो. नव्या घरातल्या नव्या सोफ्यावर रोज ओलं व्हायला लागलं. शेजारी नाकं मुरडायला लागले. लेकीला विचारलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. मग एका रविवारी मायलेकी बाहेर गेल्यावर बाबांनी त्याला गाडीत घातलं, शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीपाशी नेलं, गळ्यातला पट्टा काढला आणि गाडी फिरवली. घरी सांगितलं, "दार उघडं राहिलं, गेला कुठंतरी."

पुढचं तर विचारूच नका. लेक जेवेना. मग हेच बाबा तिच्याबरोबर खांबाखांबावर बोक्याचे फोटो चिकटवत हिंडले. हात डिंकानं बरबटायचे आणि ती म्हणायची, "बाबा, तुम्ही दमलात का?" तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा खाणीवर जाऊन बघावं, असं रोज वाटायचं. रोज काहीतरी निमित्त निघायचं. परवा ऑफिसातून आले, तर बोका दारात! "आला आपला आपण," बायको म्हणाली. तेव्हापासून बाबा त्याच्या नजरेला नजर देत नव्हते. लेकीला कळलं नाही म्हणजे मिळवली, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"मिळाला मालकाचा नंबर," डॉक्टरीणबाई संगणकात बघत म्हणाल्या. "लावूनच बघते."

बायकोची पर्स वाजायला लागली.

तिनं फोन काढला आणि शांतपणे बंद केला. "मीच बसवून घेतली होती, नव्या घरी आलो तेव्हा. यांना बोलले नाही. म्हणाले असते, कुत्र्याला कसली चिप, सोन्याचा आहे का तो?"

अगदी हेच म्हणाले असते ते.

"म्हणजे आई, तुला फोन आला होता?" लेकीचे डोळे मोठे झाले. "तो आपला आपण नाही आला?"

"आला होता फोन. मोकाट जनावरं सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा. त्यांच्याकडेही असलंच यंत्र असतं."

"कुठं सापडला?"

बाबांनी मान खाली घातली. आता ही सांगणार आणि लेक आपल्याकडे बघणार.

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. चिडून बघितलं असतं तरी परवडलं असतं.

"लांब," ती लेकीला म्हणाली. "वाट चुकला असेल बिचारा. एका जागी बसून होता म्हणे, उन्हापावसात. लोकांनी हाका मारल्या, बिस्किटं टाकली, पण जागचा हलेना. त्या बाईंना वाटलं, पाय मोडलाय. मी गेले तर मलाही दाद देईना. शेवटी उचलूनच आणला."

"वेडोबाच आहे!" लेक बोक्याला कुरवाळत म्हणाली.

बाबांना ती खाण दिसली. बोका गाडीमागे धावत सुटेल, या भीतीनं त्यांनी बोट वर करून म्हटलं होतं, "बस." आणि तो बसला होता. गाडीच्या आरशात एवढासा झाला, तरी बसूनच होता.

डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपून बघितले. "काही झालेलं नाही. ठणठणीत आहे. उठवा आता."

लेकीनं पट्टा ओढला. "बोक्या, ऊठ. ऊठ ना रे!"

बोका ढिम्म. तो बाबांच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याची शेपटी फरशीवर हळूहळू आपटत होती. बाबांनी तोंड उघडलं.

"बाबा, म्हणा ना!"

बायकोनं पर्स बंद केली.

"म्हणा," ती हळूच म्हणाली. "त्या रविवारपासून वाट बघतोय तो."