सरदाराची मान

गावाच्या मध्ययुगीन इतिहासाचं संग्रहालय उघडायला थोडाच वेळ उरला आणि सरदाराचा पुतळा पडून फुटला. मी तिथला इलेक्ट्रिशियन. क्युरेटरबाईंनी चिलखत, चेहरा झाकणाऱ्या शिरस्त्राणासकट, माझ्याच अंगावर चढवलं. “हललात तर माझी नोकरी गेली!”

मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. गर्दीतून नेमक्या सासूबाईच पुढे आल्या, सोबत माझी बायको.

“याला म्हणतात पुरुष! कसा ताठ उभा आहे! नाहीतर आमचे जावई, तुझ्यापुढे नुसते नंदीबैल.”

बायकोने खाली माझे बूट ओळखले. पाटी वाचायच्या निमित्ताने जवळ येऊन पुटपुटली, “येताना दूध आणा.”

सवयच ती. सरदाराची मान डोलली.

क्युरेटरबाईंनी डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. “म्हणजे तेव्हापासून हेच चाललंय!”