अठरावा छर्रा

सगळ्या गल्लीच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या बाबांची स्वतःची सायकल मात्र मागच्या चाकात खडखडायची. “दिव्याखाली अंधार,” गिऱ्हाइकं म्हणायची. बाबा नुसते हसायचे. बाबा गेल्यावर सायकल मी चालवू लागले. आठवड्याभरात आई म्हणाली, “तेवढा आवाज बंद कर गं. वळणावर खडखड झाली की माझा हात चहाच्या पातेल्याकडे जातो.” रविवारी बाबांच्याच पान्याने मी मागच्या चाकाचा हब उघडला. ग्रीस ताजं होतं. अठरा छर्ऱ्यांपैकी सतरा लख्ख नवे, एकच जुना, खड्डे पडलेला. बाबांच्या हातून असली चूक? शक्यच नाही. तो बदलून मी चाक फिरवलं. ते मुकाट फिरत राहिलं. जुना छर्रा पुसून आईच्या तळहातावर ठेवला. “हा खडखडत होता.” तिने मूठ मिटली. “मीच म्हटलं होतं त्यांना, एक राहू द्या. चोरपावलांनी आलात, तर चहा कधी टाकू?”