शेजारच्या भिंतीवरचं ड्रिल

हेमांगीने बटण पूर्ण दाबलं, तरी ड्रिल कुरकुरत हळूहळूच फिरत राहिलं. भिंतीपलीकडे कुणी झोपलं असेल, तर श्वासाची चाहूल लागून मोटर आपोआप मंदावायची. हल्ली सगळीच ड्रिल अशी येत.

"पण पलीकडे तर तुमचं घर, काकू. आणि तुम्ही इथे!"

शेजारच्या प्रमिलाकाकू नेहमीसारख्या भाजीची वाटी न्यायला आल्या होत्या. त्या एकट्याच राहायच्या. मुलगा निखिल जर्मनीत नोकरीला होता.

"बिघडलंय तुझं यंत्र," काकू चटकन म्हणाल्या.

हेमांगीने ड्रिल समोरच्या भिंतीला टेकवलं. ते सुसाट फिरलं. पुन्हा काकूंच्या भिंतीवर आणलं, तर मंद. तिला मोठी गंमत वाटली. भरदुपारी कुलूपबंद घरात झोपलंय कोण?

"चोरबीर नाही ना शिरला? वॉचमनला हाक मारते."

"नको गं!" काकूंनी तिचा हात घट्ट धरला.

एरवी निखिलच्या फोनचं कौतुक सांगताना न थकणाऱ्या काकू महिनाभर त्याचं नावसुद्धा काढत नव्हत्या. हेमांगीला ते आत्ता जाणवलं. तिने बटण सोडलं.

"खरंच बिघडलंय वाटतं," ती म्हणाली.

मग ती स्वयंपाकघरात गेली, काकूंची वाटी बाजूला ठेवली आणि भाजीसाठी मोठा डबा काढला.