दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

बायपासनंतर डॉक्टर म्हणाले, “हृदय ठणठणीत आहे, खुशाल जिने चढा.” पण विद्याधररावांचा भरवसा डॉक्टरांपेक्षा खुर्चीवर. मुलुंडच्या बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. तिथे टेकल्याशिवाय चौथ्या मजल्यावरचं घर गाठणं अशक्य, हे त्यांनी स्वतःला आणि सगळ्या सोसायटीला पटवलं होतं. आज खुर्ची जागेवर नव्हती. “चोर लेकाचे!” ते गरजले आणि चोर शोधत वर निघाले. तिसऱ्यावर त्यांनी शेजाऱ्यांचा उद्धार केला, चौथ्यावर सेक्रेटरीचा. दाराशी पोहोचले तर खुर्चीत बायको बसलेली. “कुंदा, खुर्ची तू आणलीस?” “आणली. तुम्ही वाटेत कुठे टेकलात?” विद्याधररावांनी गुपचूप छातीवर हात ठेवला. धाप होती, पण जिना चढल्यावर कुणालाही लागते तेवढीच. मग कुंदाने घट्ट मिटलेली मूठ उघडली. जिभेखाली ठेवायची गोळी आत घामाने विरघळली होती.