यारीच्या दांड्याची भेग

“भेगेला भोक पाडायचं?” शांतलिंगने मजुरांकडे वळून विचारलं. “ऐकलं का रे? फाटलेल्या धोतराला आनखी एक भोक पाडा, म्हंजी ते फाटायचं थांबतंय. ह्ये शिकायला पोरगी पुण्याला ठिवली व्हती आमी.”

मजूर हसले. मालक हसला की हसायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

शिवप्रिया हसली नाही. ती शांतलिंगच्या वारलेल्या थोरल्या भावाची मुलगी. धातू कसे तुटतात, ते ती शिकत होती. सुट्टीला तामलवाडीला आली त्या दिवशीच चुलत्याने तिला सांगून टाकलं होतं, की शेवटचं वर्ष आता विसरायचं. कळंबचं स्थळ पक्कं झालंय. खडी मशीनवाला आहे, चाळिशीचा बिजवर. तिची आई इरम्मा रडली. दुसऱ्या दिवसापासून शिवप्रिया चुलत्याचं काम चाललेल्या विहिरीवर जायला लागली.

शांतलिंगचा यारीचा धंदा होता. विहीर खोदताना तळातला दगड वर ओढते ती यारी. विहिरीवर झुकलेला लोखंडी दांडा, त्यावरून तार, तारेला टोपलं. दगड वर येतो त्याच टोपल्यात बसून मजूर खाली जातात.

शिवप्रिया दांड्याच्या सांध्याला लाल औषध लावायची, पुसून काढायची, वर पांढरी पूड मारायची. जरा वेळाने पुडीतून केसासारखी लाल रेघ वर यायची, तीच भेग. रेघेच्या टोकाशी ती खिळ्याने खूण करायची. काही दिवसांनी बघावं तर रेघ खुणेच्या पुढे गेलेली.

“अप्पा, यंत्र बंद असलं की ही वाढत नाही,” तिने सांगितलं. “प्रत्येक ओझ्याला जराशी उघडते, जराशी पुढं सरकते. लांब होईल तशी जोरात पळते. टोकाला गोल भोक पाडलं की टोकाची धार जाते, मग थोडे दिवस थांबते. तेवढ्यात दांडा बदला. वरून वेल्डिंग मात्र करू नका.”

शांतलिंगची शाळा चौथीत थांबली होती. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण अक्कल त्याच्याही आधी थांबली होती आणि त्याचा त्याला अभिमान होता. बाईमाणसाचं ऐकायचं नाही, एवढा एकच नियम तो जन्मभर पाळत आला. तुळजापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तंबाखू सोडा म्हटलं, तेव्हापासून तो दुप्पट खायला लागला. इरम्मा म्हणाली, भावजी, आभाळ भरलंय, की हा मुद्दाम सोयाबीन अंगणात पसरायचा. भिजलं की शिव्या आभाळाला.

दुसऱ्याच दिवशी त्याने वेल्डर बोलावला. भेगेवर जाडजूड टाका घातला, वर निळा रंग फासला.

“कुठंय तुजी रेघ? दाखीव की.”

“आता दिसायची नाही. आत आहे. टाक्यानं लोखंड उलट ठिसूळ झालं.”

“व्हय का? तुजं डोस्कंबी आतून तसंच झालंय.”

यारी चालवणारा रामहरी हे ऐकत होता. शांतलिंगच्या बापाच्या वेळचा माणूस. तो कधी बोलला तर शांतलिंग खाली मान घालून ऐकायचा. त्याने पोरीला बाजूला घेतलं.

“म्या बोलू का अप्पाशी?”

“नको मामा, तुमचं काम जाईल. मीच सांगते. तुम्ही फक्त मजुरांना टोपल्यात बसवू नका.”

मजूर शिडीने उतरायला लागले.

इरम्माला लेकीचं कौतुक वाटलं. “यंत्राचं पटलं, की तुज्या शिक्षणाचंबी पटंल त्यांला. सांगत ऱ्हा.”

शिवप्रिया सांगत राहिली. चहा देताना, ताट वाढताना. कळंबची मंडळी तारीख काढायला आली, तेव्हा त्यांच्यासमोरही तिने भेगेचा विषय काढला. नवरदेवासकट सगळी बैठक खो खो हसली. शांतलिंग सर्वांत मोठ्याने.

रामहरी नवी तार आणायला सोलापूरला गेला, त्या दिवशी विहिरीचा मालक काम बघायला आला. त्याच्यादेखत मजूर शिडीने उतरताना पाहून शांतलिंगचं डोकं फिरलं.

“एका पोरीनं तुमची हवा काढली व्हय रे? थांबा, म्या बसतो. यारीच्या खटक्यावर त्या वेल्डरला बसवा. त्याला तरी सवताच्या कामाचा भरोसा हाय.”

शिवप्रिया धावत आली. सगळ्यांदेखत तिने चुलत्याचे पाय धरले.

“अप्पा, रिकामं टोपलं एखाद वेळ पेलेल दांडा. पण दगड भरून नका बसू. तेवढं तरी ऐका माझं.”

शांतलिंगने तिच्याकडे पाहिलं. दाढेखालची तंबाखू थुंकला.

“भरा रे दगड,” तो म्हणाला. “काठोकाठ.”

दगडांच्या राशीवर तो मांडी घालून बसला. टोपलं उचललं गेलं, हळूहळू विहिरीच्या मधोमध आलं. वरून त्याने पुतणीकडे बघून मिशीला पीळ दिला. आधी निळा रंग उकलला. मग दांडा गेला.

पोलीस आले. सगळ्या गावाचा जबाब एकच होता: पोरीनं पाय धरले, ह्यानं ऐकलं नाही. कळंबची माणसं मातीला आली आणि परत फिरकली नाहीत.

कॉलेज उघडलं तेव्हा रामहरी तिची बॅग घेऊन फाट्यापर्यंत आला. सोलापूरची एसटी दिसली तसे त्याचे डोळे भरून आले.

“माजंच चुकलं, पोरी. तवाच बोलायला पायजे व्हतं. माजं ऐकलं असतं त्यांनी.”

“ऐकलंच असतं, मामा,” एसटीच्या पायरीवर पाय ठेवत शिवप्रिया म्हणाली. “म्हणून तर तुम्हाला बोलू दिलं नाही.”